सकाळी आंघोळ होते, मग वास कसला?

ताई,

माझं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये मी, नवरा, सासूबाई आणि धाकटा दीर असे चौघं राहतो. सासरचं गाव संगमेश्वरकडे. नवरा लिफ्टच्या मेन्टेनन्सचं काम करतो. सकाळी सातची लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी, दिवसभर बिल्डिंगांमधून वर-खाली. कंपनीचा युनिफॉर्म आणि जाड सेफ्टी शूज. घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. माणूस चांगला आहे, व्यसन नाही, माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. पण त्याच्या अंगाला वास येतो. आंबूस, उग्र, आणि पायांचा वेगळाच. हातपाय धुऊन जेवतो आणि तसाच आडवा होतो. मी भिंतीकडे तोंड करून झोपते. तो जवळ आला की श्वास रोखून धरते आणि मग स्वतःचाच राग येतो. गेले महिना-दीड महिना तर मला मळमळायलाच लागलंय. ऑक्टोबरच्या उकाड्यामुळे असेल.

तो आंघोळ करत नाही असं नाही. रोज सकाळी पूजेआधी आंघोळ झालीच पाहिजे असा घरात नेम आहे. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे पारोशानं कुणी चहासुद्धा घेत नाही. वाढदिवसाला मी त्याला चांगला डिओ आणला, तो त्यानं दिराला देऊन टाकला. म्हणाला, मी काय कॉलेजात जातो? गणपतीत माझ्या भावाच्या गाडीतून जाताना भावानं एसी बंद करून काच खाली केली आणि आरशातून माझ्याकडे बघून हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं तर नवऱ्याचा अपमान होईल, नाही सांगितलं तर मी अशीच भिंतीकडे तोंड करून म्हातारी होईन. काय करू?

(नाव छापू नका)

*

अगं, तुझं पत्र वाचताना मी अडले ती सासूबाईंच्या वाक्यावर. पारोशानं चहासुद्धा नाही! माझी आजी अगदी हेच म्हणायची. कडाक्याच्या थंडीतही आजोबांना तिनं आंघोळीशिवाय देवघरात पाऊल टाकू दिलं नाही. आणि तरीही आजोबांचा कोट खुंटीवरून काढून आणायची पाळी आली की आम्ही नातवंडं नाक दाबायचो. तेव्हा कोडं पडायचं, आता पडत नाही. त्या घरातली आंघोळ देवासाठी होती. पारोसेपण गेलं की तिचं काम संपलं. डोक्यावरून पाणी पडलं, श्लोक झाला, माणूस पूजेला मोकळा. काख धुतली का, हे देवानं कधी विचारलं नाही आणि आजीनंही नाही.

तुमच्याकडे तसंच चालत असावं. चार माणसं, एक बाथरूम, ठरल्या वेळी येणारं पाणी आणि सातची लोकल. त्याच्या वाट्याला पाच मिनिटं येत असतील. डोक्यावर चार तांबे, छातीला आणि हातांना साबण, तोंडावर पाण्याचा हबका, संपलं. जुनी माणसं याला काकस्नान म्हणायची.

आता एक आगाऊ प्रश्न विचारते. तो चड्डी घालून आंघोळ करतो का?

गावाकडे पुरुषांची आंघोळ उघड्यावर व्हायची. विहिरीच्या काठावर, परसातल्या दगडावर, चाळीत असेल तर नळापाशी. लाज राखायची तर चड्डी नाहीतर पंचा अंगावर ठेवूनच पाणी घ्यायचं. मुलगा तसंच शिकतो. पुढे शहरात येतो, कडी लावता येणारी बाथरूम मिळते, पण चड्डी काही निघत नाही. साबणाची जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे तो वर्षानुवर्षं कापडावरूनच फिरलेला असतो. तुमच्या दोरीवर रोज सकाळी पिळलेली ओली चड्डी असेल तर माझ्या प्रश्नाचं उत्तर तीच.

घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. अंगभर ज्या बारीक ग्रंथी असतात त्यांतून येतं ते पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना जाग्या होतात. (मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. पाचवीचा वर्ग आणि आठवीचा वर्ग डोळे मिटूनही ओळखता यायचा.) या ग्रंथींतून येणारा स्राव जरा दाट, स्निग्ध असतो. कातडीवर राहणारे जिवाणू त्याच्यावर जगतात आणि ते त्याचं जे करून ठेवतात, त्याला वास. त्यात गंधकाची संयुगं असतात, म्हणून तो कधीकधी चिरलेल्या कांद्यासारखा येतो. हे जिवाणू साबणानं कमी होतात, कायमचे जात नाहीत, काही तासांत पुन्हा वाढतात. सकाळी सहाला केलेली आंघोळ रात्री नऊला पंधरा तासांची जुनी असते. त्या पंधरा तासांत लोकलची गर्दी, गच्चीवरची तापलेली मशीनरूम, लिफ्टच्या तळाचा खड्डा, परत लोकल. नागपूरचा उन्हाळा भाजून काढतो, पण हवा कोरडी, घाम उडून जातो. मुंबईच्या दमट हवेत तो उडत नाही, अंगावर आणि कपड्यात मुरतो.

तेव्हा तुझ्या भावाचं ते हसणं मला खटकलं. एसी गाडीतून एसी ऑफिसात जाणाऱ्याच्या अंगाला वास येत नाही, यात त्याचा स्वच्छतेचा नेम कितीसा आणि एसीचा वाटा किती? त्याला एक आठवडा मशीनरूममध्ये पाठव, मग बघू काच कोण खाली करतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुझ्या कामाची आहे. जुलै महिना होता, पीटीच्या तासानंतर सातवीचा वर्ग, खिडक्या पावसामुळे बंद. मी आत शिरले आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "आज आंघोळ कोण करून आलं नाही?" चाळीस डोकी एका मुलाकडे वळली. तो पुढे वर्षभर शेवटच्या बाकावर एकटा बसला. त्याची आई पालकसभेला आली तेव्हा कळलं की पोराकडे युनिफॉर्मचा एकच शर्ट होता. ती रात्री कामावरून येऊन तो धुवायची, पंख्याखाली टाकायची आणि तो सकाळी ओलसर शर्ट घालून शाळेत यायचा. पोरगं रोज आंघोळ करत होतं. वास त्या कुबटलेल्या शर्टाचा होता. माफी मागितली मी, पण सातवीतल्या मुलाची माफी मागून काही भरून येत नाही.

म्हणून सांगते, त्याच्याशी बोलण्याआधी शर्ट बघ. कंपन्यांचे युनिफॉर्म बहुतेक पॉलिस्टरचे किंवा निम्मं पॉलिस्टर असलेल्या कापडाचे असतात. सुती कापड घाम शोषतं आणि धुतल्यावर बरंचसं सोडतं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पण घामातला तेलकट अंश धरून ठेवतं आणि साध्या धुण्यात तो पुरता निघत नाही. कपाटातला शर्ट स्वच्छ वाटतो, अंगाची ऊब लागली की अर्ध्या तासात वास उठतो. परीक्षा सोपी आहे. धुतलेला शर्ट घे, काखेच्या जागी जरा पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरव आणि वाफ हुंग. ती वाफ तुला रात्री अंथरुणात येणाऱ्या वासासारखी असेल, तर निम्मा गुन्हा शर्टाचा.

तो कसा सुटेल? शर्ट उलटा करायचा. बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायचा, मग काखेच्या जागी कपड्याचा साबण चोळून नेहमीसारखा धुवायचा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नकोस, विषारी वायू निघतो. कपडे मऊ करणारं, सुवासाचं ते शेवटच्या पाण्यात घालायचं द्रव असतं ना, ते या शर्टांना नको. त्याचा थर बसतो आणि वास आतच कोंडतो. वाळवायचाही उलटाच, मिळेल तेवढ्या उन्हात. युनिफॉर्मचे दोनच जोड असतील तर तिसरा मागायला सांग, पैसे भरून मिळाला तरी घ्या. आतून रोज धुतलेली सुती बनियन. कालची बनियन 'मळलेली दिसत नाही' म्हणून पुन्हा चढवणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. जीन्सचं तर बोलायलाच नको, ती उभी केली तर उभी राहील अशी होईपर्यंत धुवायला पडत नाही.

बुटांचंही तेच. सेफ्टी शूजमध्ये हवा जायला वाव नाही. सुती मोजे रोज बदलायचे, एक जोडी बॅगेत ठेवून दुपारी बदलले तर फारच उत्तम. घरी आल्यावर बूट बंद रॅकमध्ये न टाकता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गॅलरीत ठेवायचे. एकदा त्याचे तळवे बघ. टाचेवर किंवा चवड्यावर कातडी पांढरट पडून बारीक बारीक खड्डे दिसले, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. घामेजलेल्या पायांवर होतो, त्याला फार वाईट वास येतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमानं तो बरा होतो. नुसती वज्री घासून जाणार नाही.

आता आंघोळ. आपल्याकडे आंघोळ कशी करायची हे कुणी शिकवत नाही. आई मुलाला सहा-सात वर्षांचा होईपर्यंत घासूनपुसून न्हाऊ घालते, मग म्हणते आता तुझी तू कर. अंगाला वास यायला लागतो तो त्यानंतर चार-सहा वर्षांनी, तेव्हा बाथरूमचं दार बंद असतं आणि सांगणारं कुणी नसतं. तुझ्या नवऱ्याला कुणी सांगितलं नसेल, सासऱ्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

सगळ्या अंगाला रोज साबण फासायची गरज नाही, हातापायांना पाणी पुरतं. साबण हवा काखेत, जांघांत, मागे बैठकीच्या घडीत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे मानेवर. हातानं फेस करून तिथे चोळायचा, मनात तीसपर्यंत मोजायचं, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. साबण लावला न लावला तोच तांब्या ओतला तर साबण मोरीला लागतो, अंगाला नाही. पुढची कातडी मागे सारून आतला भाग रोज नुसत्या पाण्यानं धुवायचा, तिथे साबण झोंबतो. हे वाक्य तुला त्याच्यासमोर म्हणवणार नाही, हा मजकूर त्याला वाचायला दे. चड्डी अर्थातच काढून! मग कोरड्या टॉवेलनं घड्या नीट टिपायच्या. टॉवेल त्याचा स्वतःचा हवा आणि रोज वाळायला हवा. घरातले चौघं एकच दमट टॉवेल वापरत असतील तर आंघोळीवर पाणी फिरलंच. काखेतले केस कात्रीनं बारीक ठेवले तर साबण कातडीपर्यंत पोचतो, वास बराच कमी होतो. साबण कुठलाही चालेल. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश, 76 टक्के किंवा वर असेल तर तो पहिल्या प्रतीचा, पण वासाशी त्याचा फारसा संबंध नाही.

मुख्य म्हणजे ही आंघोळ रात्री हवी. सकाळची देवासाठी राहू दे, ती मोडायला मी सांगत नाही. पण कामावरून आल्यावर जेवणाआधीची आंघोळ ही अंगाची आंघोळ, आणि अंथरूणही त्याच अंगाला लागणार आहे. रात्री पाणी जपून वापरावं लागत असेल तर अर्धी बादली पुरे, डोक्यावरून घ्यायची नाही. फारच उशीर झाला, तो अगदीच दमला, तर एवढं तरी: बाहेरून आल्यावर हातपाय धुवायची आपली जुनी सवय आहे ना, ती काखेपर्यंत आणि जांघेपर्यंत वाढवायची. साबण, दोन तांबे पाणी, स्वच्छ बनियन. तीन मिनिटं.

सासूबाई काय म्हणतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. "रात्रीची आंघोळ? सर्दी होईल." पाण्यानं सर्दी होत नाही, विषाणूंनी होते, पण हा वाद घालू नकोस. दुसरं त्या मोठ्यानं म्हणणार नाहीत, मनात मात्र असेल: दिवस मावळल्यावरची आंघोळ मर्तिकाहून आल्यावर करतात. हे मी कोकणातल्या आणि देशावरच्या दोन्ही घरांत ऐकलंय. तू सुनेनं वाद घालण्यापेक्षा त्यालाच म्हणू दे, "आई, दिवसभर लिफ्टच्या ग्रीसमध्ये असतो, अंग चिकट होतं, झोप येत नाही." मुलाच्या झोपेपुढे आईचं काही चालत नाही.

डिओचं ऐक. त्यानं दिराला दिला ते एका परीनं बरंच झालं. डिओत मुख्यतः सुवास असतो. शिळ्या घामावर तो मारला की वास एकाचे दोन होतात, आणि लोकलमध्ये शेजारी उभा राहिलेला माणूस दोन्ही सोसतो. उपयोगी पडतं ते अँटिपर्स्पिरंट, बहुधा रोल-ऑन मिळतं. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं काही काळ बुजवतात. पण लोक ते सकाळी घाईत ओल्या काखेत फिरवतात आणि उपयोग नाही म्हणून टाकून देतात. ते रात्री लावायचं, काख धुऊन पूर्ण कोरडी करून, कारण झोपेत घाम कमी येतो आणि औषध बसायला वेळ मिळतो. खर्च नको असेल तर न्हाव्याकडची तुरटी. ओली करून धुतलेल्या काखेत फिरवायची, वाळू द्यायची. तीही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. फक्त नुकतेच केस काढलेल्या जागी नको, झोंबेल. लिंबू चोळू नका, लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. खायच्या सोड्यानं कातडी सोलवटते.

खाण्याचं म्हणशील तर लसूण-कांद्याचा वास घामात उतरतो, मेथीचाही उतरतो. त्यासाठी त्याचा डबा बेचव करायचं कारण नाही.

आता सांगायचं कसं. पहिलं हे धरून चाल की त्याला माहीत नाही. सततच्या वासाला नाक बधिर होतं. मसाला कांडणाऱ्या गिरणीत आपण शिंकत शिंकत बाहेर येतो आणि गिरणीवाला तिथेच डबा उघडून जेवत असतो, पाहिलंयस ना? तसंच. डिओ दिलास तेव्हा तुला वाटलं, कळेल. त्याला वाटलं, बायकोनं शौकाची वस्तू आणली. खाणाखुणांनी हे काम होत नाही.

रात्री अंथरुणात सांगू नकोस. तो जवळ आला असताना म्हणालीस तर त्याला फक्त 'नको' ऐकू येईल आणि ते तो फार दिवस जपून ठेवेल. भांडणात तर नाहीच नाही. सासूबाई आणि दीर घरात असताना वन बीएचकेत कुजबुजणंही धोक्याचं. बाहेर काढ त्याला. रविवारी भाजी आणायला, खाडीकडे फिरायला, कुठेही. शेजारी शेजारी चालताना अवघड बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि एकदाच, सरळ, थोडक्यात:

"तुला एक सांगायचंय, मला सांगायला जड जातंय. कामावरून येतोस तेव्हा तुझ्या अंगाला घामाचा वास येतो. तुला जाणवत नसेल, मला येतो. रात्री आल्यावर आधी आंघोळ करत जा. आणि तुझे युनिफॉर्म मी तपासले, वास त्यांतही अडकलाय, तो आपण काढू."

एवढंच. 'सगळे म्हणतात' नको, भावाचं नाव तर मुळीच नको. 'तुला लाज कशी वाटत नाही' हे तू म्हणणार नाहीसच. तो गप्प होईल, कदाचित चिडेल, म्हणेल मी रोज आंघोळ करतो. हो म्हण. करतोस, म्हणूनच मलाही कोडं पडलं होतं. मग त्याला वेळ दे. दोन दिवस तो तोंड पाडून फिरला तरी समजूत काढायला जाऊ नकोस आणि विषय परत काढू नकोस. आणि हो, बादली भरून, टॉवेल हातात घेऊन दारात उभी राहायची सवय लावून घेऊ नकोस, ती पुढे चाळीस वर्षं सुटत नाही. शर्टांची भिजवणूकही पहिल्या रविवारी दोघांनी मिळून करा, नंतर त्याची त्याला.

पहिल्या रात्री तो आंघोळ करून आला की भिंत सोड. शब्दानं कौतुक केलंस तर त्याला अवघडल्यासारखं होईल, तू नुसती कूस बदललीस तरी त्याला समजेल. पाडव्याला नवऱ्याला तेल-उटणं लावायची पद्धत तुमच्याकडे असेलच, नागरमोथा आणि वाळा घातलेलं चांगलं उटणं आण, चार चेष्टा कर. पण सांगायला पाडव्यापर्यंत थांबू नकोस.

एवढं सगळं नीट महिनाभर करूनही वास तसाच राहिला तर त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. काखेसाठी धुवायचं औषध असतं, लावायचं लोशन असतं, फारच घाम येत असेल तर त्यावरही उपचार आहेत. जांघेत खाज, लाल कडा असलेले चट्टे असतील तर तो नायटा. त्यासाठी मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस आराम पडतो, मग नायटा दुप्पट पसरतो आणि हटता हटत नाही. अंगाचा किंवा श्वासाचा वास अचानक बदलला, गोडसर फळासारखा येऊ लागला आणि सोबत तहान-लघवी वाढली असेल तर लगेच साखर तपासा. रात्री झोपेत कपडे भिजतील इतका घाम, वजन उतरणं, बरा न होणारा खोकला असेल तर टीबीची तपासणी. तुझ्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण माणूस रोज लोकलच्या गर्दीतून जातो म्हणून लिहून ठेवलं.

तुझी,
ताई

ता. क. सही करून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं. नवरा सव्वा वर्ष तसाच आहे, काम तेच, शर्ट तेच, आणि मळमळ मात्र महिना-दीड महिन्याची. उकाड्यावर घालायच्या आधी कॅलेंडर बघ, पाळी चुकली आहे का. दिवस राहिले की पहिल्या महिन्यांत कित्येक बायकांना वास नकोसे होतात, फोडणीचा, साबणाचा, चहाचा, नवऱ्याचा तर हमखास. तारीख उलटून गेली असेल तर मेडिकलमधून तपासणीचं किट आण आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर बघ. दोन रेघा आल्या तर रविवारच्या फेरफटक्यात आधी ती बातमी सांग. आंघोळीचं परतीच्या वाटेवर सांगितलंस तरी चालेल.